दोनशे अडुसष्ट पेट्या

कल्पिताच्या झोळीत साठ कप्पे आहेत. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून सात मिनिटांनी त्यांतले त्रेपन्न भरलेले होते आणि सात रिकामे. चार कप्प्यांत जखम भरणाऱ्या औषधाच्या बाटल्या. अकरा कप्प्यांत पाला आणि मुळ्या. सहांत मासे. एका कप्प्यात लाकडी काठी, गेममध्ये पहिल्यांदा शिरणाऱ्या प्रत्येकाला फुकट मिळते ती. ती कोणी जपून ठेवत नाही, कल्पिताने ठेवली होती. बावीस कप्प्यांत किरकोळ: फाटके नकाशे, पिसं, एक होडी, कसलीशी हाडं. उरलेल्या नऊ कप्प्यांत पेट्या. रोज हजेरी लावल्याबद्दल गेम एक पेटी देतो आणि एका कप्प्यात तीस पेट्या मावतात. आठ कप्पे पूर्ण भरलेले आणि नवव्यात अठ्ठावीस. म्हणजे दोनशे अडुसष्ट पेट्या, एकही न उघडलेली. मी दोनदा मोजलं, मग झोळी बंद करून परत उघडली आणि तिसऱ्यांदा मोजलं. आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याची तीन वाचनं घ्यायची पद्धत आहे. तिन्ही जुळली की मगच आकडा लिहायचा. तिन्ही जुळली.

गेमचं नाव नॉर्थवेल. फुकट आहे, मोबाईलवर चालतो, डोंगर, ड्रॅगन, जादूगार वगैरे सगळं त्यात आहे. कॉलेजात असताना कल्पिताने तो माझ्या फोनवर टाकला, मला न विचारता, मी बर्फी आणायला काउंटरवर गेलेले तेवढ्यात. ती वैद्य झाली आणि मी धनुर्धारी. तिच्या वैद्याचं नाव ‘काळूची नात’. काळुराम हे तिचे आजोबा, त्यांची उमर मिठागरात गेली, म्हणून आमच्या गिल्डचं नावही तिने ‘मिठागर’ ठेवलं. गिल्ड म्हणजे टोळी. एकमेकांना मदत करणारी तीसेक माणसं. पहिल्याच दिवशी तिने मला शिकवलं होतं की वैद्याने राक्षसाकडे बघायचं नसतं. आपल्या माणसांच्या नावाखाली जिवाची हिरवी पट्टी असते, तेवढीच बघायची. पट्टी अर्ध्याच्या खाली आली की औषध. ‘माणूस नाचत असला तरी पट्टी बघ,’ ती म्हणायची, ‘पट्टी खोटं बोलत नाय.’ आणि तिला बंद पेटी बघवत नसे. दुसऱ्याच्या नावाचं लग्नाचं पाकीट ती उघडायची. माझा डबा माझ्याआधी उघडायची. रोजची पेटी हातात पडली की सेकंदाच्या आत फोडायची, आत काय असणार हे माहीत असूनही. दोनशे अडुसष्ट पेट्या ज्या झोळीत बंद पडून आहेत ती झोळी कल्पिताने दोनशे अडुसष्ट दिवस पाहिलेली नाही. हा निष्कर्ष काढायला मला मंगळवार उजाडावा लागला. पेट्या तर मीच गोळा करत होते, एकेक करून, रोज सहा वाजता.

मंगळवारी दुपारी मी खोपटला पाण्याचे नमुने घ्यायला गेले होते. आमची प्रयोगशाळा वागळे इस्टेटमध्ये आहे. सोसायट्या, हॉटेलं, कॅन्टीन यांचं पाणी आम्ही तपासतो. थर्माकोलचा डबा खांद्याला लावून मी डेपोसमोरून जात होते तेव्हा कोणीतरी माझं मनगट मागून धरलं. आवडाबाई, कल्पिताची आई. हिरवी नऊवारी, कपाळभर कुंकू, पायाशी दोन पिशव्या. नात्यातल्या कोणाकडे बारशाला निघाल्या होत्या आणि एसटीची वाट बघत होत्या. ‘तू जागृती ना गो? कल्पीची मैतरीन? केवढी सुकलंस! तुजी आय जेवाय घालत नाय का?’ मी हसले. त्यांनी पिशवीतून केळं काढून माझ्या हातात दिलं, मी नको म्हणायच्या आधी. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘तू पन खेलतंस ना त्यो गेम? आमचा प्रितम खेलतो. रोज दिवाबत्तीला मी त्याला इचारतं, ताई आली का रे? तो मना मोबाईल दाखवतो. हिरवा ठिपका. मंग मना घास जातो. तिचा फोन बिघडलाय, जावयाच्या फोनवर दोन शब्द बोलते नि ठेवते. पन हितं रोज येते माजी पोर. तुना दिसते ना गो?’ त्या क्षणी मी काय पाहत होते ते मला नेमकं आठवतं: केळ्याच्या देठावरचा निळा स्टिकर, त्याची एक कड सुटलेली. मी म्हणाले, ‘हो काकी. दिसते.’ बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्यांची गाडी लागली, त्या पिशव्या सावरत चढल्या, खिडकीतून त्यांनी मला पुन्हा जेवायची खूण केली. मी केळं धरून उभी. डब्यातल्या बर्फाचं पाणी पाठीवरून उतरत होतं.

पासवर्ड मला हळदीच्या दिवशी मिळाला होता, फेब्रुवारीत. कल्पिताच्या गावात हळद ही लग्नापेक्षा मोठी असते. गाव आता डोंबिवलीच्या इमारतींनी वेढलंय, शेतं गेली, पण हळदीला अजूनही रस्ता बंद होतो. ती अंगभर पिवळी होऊन पाटावर बसलेली आणि मला जवळ ओढून कानात म्हणाली, ‘माझी हजेरी तुटू देऊ नको. पंधरा दिवस फक्त. तीनशे पासष्टला पांढरे पंख मिळतात, मला पायजेत.’ तिच्या गालाची हळद माझ्या कानाला लागली, दोन दिवस निघाली नाही. त्याच रात्री मांडवात वरमामाचा मान राहिला. आधी नारळ कोणाला द्यायचा याच्यावरून सुरू झालं आणि आवाज चढत गेले. विनीतच्या, म्हणजे नवऱ्याच्या मामाने भर मांडवात काहीतरी बोलून दाखवलं. लग्न पार पडलं, पण आवडाबाईंनी शपथ घेतली: मानाने बोलावणं येईपर्यंत त्या दाराला पाय लावणार नाही. दार सासरचं, खडवलीचं. डोंबिवलीपासून तासाभराच्या आत पोचता येतं. पंधरा दिवसांनी कल्पिताने कोणाच्या तरी नंबरवरून मला फोन केला, म्हणाली फोन पाण्यात पडलाय, नवा मिळेपर्यंत तूच बघ. मी म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नको, मी आहे ना.’ मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. हे आमचं शेवटचं बोलणं. मार्चची आठ तारीख.

मी बघत राहिले. कामावरून सुटायच्या आधी, हात धुऊन झाल्यावर, सहाच्या सुमाराला. आधी माझा धनुर्धारी, मग तिचा वैद्य. आत शिरायचं, पेटी घ्यायची, निरोपांच्या डब्यावर लाल खूण असेल तर ‘सगळं घ्या’ दाबायचं, बाहेर पडायचं. एकदा मी वेळ लावली होती: पंचेचाळीस सेकंद. मंगळवारी, पेट्या मोजून झाल्यावर, मी तो गुणाकार केला. दोनशे अडुसष्ट गुणिले पंचेचाळीस, बारा हजार साठ सेकंद, तीन तास एकवीस मिनिटं. नऊ महिन्यांत मी कल्पिताला तीन तास एकवीस मिनिटं दिली, आणि त्या वेळात ती तिथे नव्हती. पण मला ती असल्यासारखी वाटत असे, हे मी लपवणार नाही. गावाच्या चौकात तिचा वैद्य उभा असतो, पांढरा झगा, हातात कंदील. हात न लावता ठेवला तर काही वेळाने तो मान वळवून आजूबाजूला बघतो, जांभई देतो. ते सगळ्यांचेच वैद्य करतात, बनवणाऱ्यांनी तसं घातलंय. तरी त्या जांभईकडे बघून मला रोज थोडं हलकं वाटायचं, कोणाला तरी भेटून आल्यासारखं. एप्रिलमध्ये मी विनीतच्या नंबरवर फोन करणार होते. मे महिन्यात पण करणार होते. नंतर करायचं मनातही येईना, कारण ज्याला आपण रोज भेटतो त्याला कोण फोन करतं? दिवाळीत माझ्या आईने विचारलं, ‘अगं, तुझी कल्पिता आली का माहेरी? पहिला दिवाळसण ना तिचा?’ मी चकली खात म्हणाले, ‘माहीत नाही. पण दिसते रोज.’ मी हे म्हणाले. ज्या ठिपक्याला मी स्वतः रंग देत होते त्याचाच मी दाखला दिला. त्यात खोटं बोलतेय असं मला जराही जाणवलं नाही, आणि मंगळवारी मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

ठिपक्याचं असं आहे. गिल्डच्या यादीत प्रत्येक नावापुढे ठिपका असतो. माणूस त्या दिवशी येऊन गेला असेल तर हिरवा, नाही तर राखाडी. आत असेल तोवर तो लुकलुकतो. गेमचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. तेव्हा सगळे ठिपके एकदम राखाडी होतात. मी सहा वाजता जाऊन यायचे, म्हणून दिवाबत्तीच्या वेळी कल्पिताचा ठिपका ताजा हिरवा असायचा. सहाची वेळ मी निवडली ती कल्पिताची जुनी वेळ म्हणून, प्रॅक्टिकल संपल्यावरची. योगायोग एवढाच. पण मी जर रात्री नऊला गेले असते, किंवा मध्येच एखाद्या दिवशी विसरले असते, तापाने पडले असते, तर आवडाबाईंचा घास अडला असता. एकदा अडला असता तरी पुरे होतं. मी विसरले नाही. जूनमध्ये मला खरंच ताप आला होता, एकशे दोन, आणि मी अंथरुणातून तिची हजेरी लावली. आई म्हणाली, ‘काय मेलं त्या फोनमध्ये आहे?’ मी अभिमानाने फोन उशीखाली ठेवला.

मंगळवारी मोजणी झाल्यावर मी निरोपांचा डबा उघडला, जो मी कधी वाचत नसे. प्रितमने, तिच्या भावाने, भाऊबीजेच्या दिवशी ताईला एक होडी पाठवली होती. झोळीतली होडी ती. सोबत लिहिलं होतं: ‘ताई यंदा तू ओवाळलं नाय. माझी ओवाळणी माझ्याकडंच राहिली. ही घे. आई बोलते एक शब्द तरी लिव.’ खाली ताईचं उत्तर होतं. ‘सगळं घ्या’ दाबलं की गेम आपणहून आभाराचं चित्र पाठवतो: नाचणारी परी, दोन्ही हातांनी फुलं उधळणारी. भाऊबीज, सहा वाजून नऊ मिनिटं. मी ती वेळ आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवशी आमच्याकडे मावसभाऊ आले होते, मी ताट हातात घ्यायच्या आधी फोन हातात घेतला होता. म्हणजे खडवलीहून काहीही आलं नसताना तिच्या माहेरी प्रितमने आईला ती परी दाखवली असणार. आवडाबाई हसल्या असणार. ‘बग, खूश हाय पोर.’ मी नुसता ठिपका पेटता ठेवला नव्हता. मी उत्तरही दिलं होतं.

मी तेव्हाच प्रितमला फोन करायला हवा होता. कल्पिताचा जुना नंबर लावला, बंद. लग्नाच्या पत्रिकेचा फोटो शोधून विनीतच्या घरचा नंबर काढला, तीनदा लावला. पहिल्या दोनदा कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा एका बाईने उचलला. मी म्हणाले, मी कल्पिताची मैत्रीण. बाई म्हणाली, ‘ती झोपलीय.’ संध्याकाळची सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हणाले, उठली की सांगाल का? बाई म्हणाली, ‘बरं,’ आणि ठेवला. त्या ‘बरं’मध्ये राग नव्हता. दमलेला आवाज होता, इतकंच. मग मी काय केलं? मी स्वतःला सांगितलं की पुरेसा पुरावा नाही. पेट्या बंद आहेत याचा अर्थ ती गेम खेळत नाही, एवढाच. लग्न झालेली मुलगी गेम विसरली असेल, सुखात असेल. मी शास्त्र शिकलेय, मला पुराव्याशिवाय बोलता येत नाही, अशी मी माझी समजूत घातली. खरं कारण साधं होतं. मला आवडाबाईंच्या तोंडावर ‘ती मी होते’ हे म्हणायचं नव्हतं. म्हणून मी बुधवारी प्रयोग केला. कल्पिताची हजेरी लावली नाही. मी काही बोलणार नाही, ठिपका राखाडी होईल, आणि ज्यांनी विचारायचं ते विचारतील. ठिपक्याने एवढे दिवस माझ्याऐवजी सांगितलं होतं, आताही तोच सांगेल. सहा वाजता अंगठा आपोआप तिच्या नावाकडे गेला. मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला, वर बीकर ठेवला, जणू फोन उडून जाणार होता. सहा सात झाले. सहा दहा. हात धुतले, परत धुतले. दोनशे अडुसष्ट दिवसांनी तेवढी पंचेचाळीस सेकंदं मोकळी राहिली होती आणि ती संपत नव्हती.

बुधवारी रात्री जेवण झाल्यावर बघितलं तर गिल्डच्या गप्पांत मयूर लिहीत होता. मयूर कल्याणचा, आमचा म्होरक्या, सगळ्यांना भाऊ म्हणतो, बायकांनाही. ‘अरे काळूची नात आज आलीच नाय! भाऊ इतिहास घडला. आज सूर्य टिटवाळ्याला उगवला काय?’ कोणीतरी रडकं तोंड टाकलं. कोणी म्हणालं, ‘पंख गेले बिचारीचे.’ मयूर: ‘मी तर बोलतो ती माणूसच नाय, मशीन आहे. एक शब्द बोलत नाय, रोज येते नि पेटी घेऊन कल्टी.’ मग त्याने हसणारे चेहरे ओळीने टाकले. त्याच्याखाली प्रितम: ‘दादा मस्करी नको. ताईला बरं नसंल.’ मी वाचत होते आणि मला जाणवलं की मयूरला ते कळलं होतं, चेष्टेत का होईना. आपल्या माणसाने महिनोन्महिने एक शब्द काढला नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. गिल्डमध्ये तीस जण. तिसांनी ठिपका पाहिला होता. साडेदहाला प्रितमचा मला वेगळा निरोप आला: ‘जागृतीताई, तुझं ताईशी बोलणं झालेलं का? आई जेवली नाय.’ मी तो वाचला. वाचल्याची खूण त्याला दिसली असणार. उत्तर लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. फोन उपडा ठेवून आईच्या शेजारी जाऊन पडले. प्रयोग यशस्वी झाला होता आणि तिकडे एक बाई उपाशी झोपली होती.

गुरुवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी फोन केला. खोपटला ‘दिसते’ म्हणाल्याला त्रेचाळीस तास झाले होते. प्रितमने उचलला, मी म्हणाले, काकींना दे. स्पीकरवर ठेवू नको. मी आधीच वाक्य ठरवलं होतं आणि ते तसंच म्हणाले: ‘काकी, गेममध्ये रोज येत होती ती कल्पिता नव्हती. मी होते. तिने मला पासवर्ड दिलेला.’ पलीकडे कुकरची शिटी झाली. एक, मग दुसरी. ‘कवापासून?’ आवडाबाई म्हणाल्या. ‘हळदीपासून.’ ‘हळदीपासून,’ त्या म्हणाल्या, मला परत सांगितल्यासारखं. ‘मंग भाऊबीजला?’ ‘मीच.’ ‘ती परी?’ ‘तीसुद्धा.’ मला वाटलं त्या शिव्या देतील. मला शिव्या हव्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘परवा मी तुना इचारला. केलं दिलं खायाला तुज्या हातान. तवा का नाय बोललीस गो?’ मी म्हणाले, ‘घाबरले.’ ‘कोनाला? मना?’ आणि त्या हसल्या, छोटंसं, कोरडं हसू, मग फोन खाली ठेवल्याचा आवाज, आणि लांबून: ‘प्रितम, गारी कार. खरवलीला जायचाय.’ प्रितम काहीतरी म्हणाला, खडवलीच्या बोलावण्याबद्दल असणार. ‘बोलावनं गेला खड्ड्यात! गारी कार बोलतंय ना!’ मी ओरडले, ‘काकी, मी येऊ?’ फोन चालूच होता. प्रितमने तो उचलून सांगितलं, ‘आई बोलते, तू येव नको.’

मी कामावर गेले. त्या दिवशी कठीणपणाचे नमुने होते, पाण्यात क्षार किती विरघळलेत ते बघायचं. चंबूत पाणी घ्यायचं, दोन थेंब दर्शक टाकला की ते वाइनसारखं लाल होतं; वरच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं; एका थेंबाला लाल जातं आणि निळं येतं. तो थेंब ओळखणं हे सगळं कौशल्य. आधी जांभळी छटा येते, तिथे फसायचं नाही. सकाळभर मी त्या जांभळ्यात फसत होते. बारा दशांश चार, बारा दशांश नऊ, अकरा दशांश आठ. वाचनं जुळेनात. कॉलेजात कल्पिताचीही जुळत नसत, पण ती बिनदिक्कत म्हणायची, ‘आमच्या काळूबाबाला बोलवा, तो जिभेवर ठेवून सांगेल.’ मी एकदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा काळुरामबाबा ओटीवर बसून होते, पायांची कातडी मिठाने पांढरी पडलेली, ती म्हातारपणीही तशीच होती. मी त्यांना विचारलं होतं की मीठ तयार झालं हे कसं कळायचं. पुस्तकात मला घनता माहीत होती, संपृक्त द्रावण माहीत होतं. ते म्हणाले, ‘वाफ्यात जावा लागतं. बांधावरशी सगलाच पानी चमकतं.’ कल्पिता माझ्या मागे उभी राहून त्यांची नक्कल करत होती. मी बांधावरून नऊ महिने बघितलं. मला पट्ट्या, ठिपके, आकडे बघता येतात. कोणी नळीतलं पाणी कमी करून दाखवलं तर मी मिलिलिटरचा दहावा भाग सांगेन. बादलीत पाणी पडतंय आणि एक मुलगी कोणाच्या तरी फोनवरून घाईने बोलतेय, हे ऐकून मी ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणाले होते. नळीतला थेंब चंबूत पडला, पाणी निळं झालं, आणि मी नळी बंद करायला विसरले. निळ्यावर थेंब पडत राहिले. जास्तीचं द्रावण पडलं तरी निळ्याचं काही बदलत नाही, ते तसंच निळं दिसतं.

प्रितमचा फोन दुपारी तीनला आला. तो बोलत होता तेव्हा मागे हॉर्न वाजत होते. कल्याणच्या हॉस्पिटलच्या दारात उभा होता. ‘ताई मागच्या खोलीत होती,’ तो म्हणाला. ‘ऑगस्टमध्ये पाचव्या महिन्यात पोटातलं गेलं तिचं. आम्हाला कुणी सांगितलं नाय. तेव्हापासून उठतच नव्हती बोलतात. खात नाय, दोन शब्दांपलीकडं बोलत नाय. तिची सासू रडायला लागली, बोलते, आम्ही काय करणार, तुमच्याकडून कुणी फिरकलं नाय, आम्हाला वाटलं तुम्हीच टाकली पोर. विनीत तर मान वर करत नव्हता. आई कुणालाच काय बोलली नाय. आत गेली, ताईला उचललं नि गाडीत टाकलं. आईने उचललं, एकटीने. ताईचं वजन माहितीय किती? छत्तीस. रक्त पाच पॉइंट आठ.’ मला निरोगी बाईचा आकडा माहीत होता, बाराच्या वर. मी तो म्हणाले नाही. प्रितम म्हणाला, ‘डॉक्टर बोलले अजून आठ दिवस गेले असते तर.’ वाक्य त्याने पुरं केलं नाही. बुधवार आणि मंगळवार मी मनात त्या आठांतून वजा केले.

शनिवारी मी हॉस्पिटलला गेले. मजल्यावर फिनेलचा वास होता आणि बाकांवर माणसं डबे उघडून बसली होती. आवडाबाई दाराबाहेर स्टुलावर होत्या, त्याच हिरव्या नऊवारीत. मला बघून उठल्या नाहीत, तोंडही फिरवलं नाही. दार अर्धवट उघडं होतं. पलंगाचं पायाकडचं टोक दिसत होतं, सलाईनचा स्टँड, चादरीखाली पायांचा उंचवटा, तोही जेमतेम. ‘झोपलीय,’ आवडाबाई म्हणाल्या. खडवलीच्या बाईने मंगळवारी हाच शब्द मला सांगितला होता. मग आतून खोकल्याचा आवाज आला, जागं माणूस खोकतं तसा, आणि आम्ही दोघींनी तो ऐकला. आवडाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, ‘मी नंतर येते.’ ‘घरी जा गो,’ त्या म्हणाल्या. ‘तुजी आय वाट बगत आसंल.’ मी जिन्यापर्यंत गेले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली, ‘जेवलीस का?’ मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

पुढच्या बुधवारी प्रितमचा निरोप आला, एवढाच: ‘ताईचा पासवर्ड पाठव.’ मी पाठवला. त्याखाली काहीतरी लिहावं म्हणून मी बराच वेळ फोन धरून बसले आणि काही लिहिलं नाही. निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. पेट्यांचं तिला काय वाटेल, याचा मी विचार केला. दोनशे अडुसष्ट पेट्या एकदम. तिला बंद पेटी बघवत नसे. की ती त्या बघेल आणि तिला कळेल की कोणीतरी रोज दारापर्यंत येऊन हजेरी मांडून परत जात होतं? मला दोन्ही चित्रं दिसत. पहिल्यात ती हसत असे, दुसऱ्यात माझ्याकडे पाठ करून पेट्या मोजत असे. मी त्या दोन चित्रांमध्ये काही निवड करू शकत नव्हते. त्यासाठी लागणारी माहिती माझ्याकडे नव्हती.

त्यानंतरच्या सोमवारी, सहा वाजून सात मिनिटांनी, हात धुऊन मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी होते. बाहेर कारखाना सुटला होता, फाटकाशी रिक्षावाले ओरडत होते. फोन हातात होता. मी जाणार नव्हते, पण अंगठा तिच्या नावावर गेला, आणि मी पासवर्ड टाकला. चुकीचा आहे, असं आलं. घाईत एखादं अक्षर हुकलं असेल म्हणून मी एकेक अक्षर बघत पुन्हा टाकला. चुकीचा. तिसऱ्यांदा टाकला. चुकीचा. मग मी माझ्या धनुर्धाऱ्याच्या नावाने आत गेले आणि गिल्डची यादी उघडली. ‘काळूची नात’ नावापुढचा ठिपका लुकलुकत होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं: सहा वाजून नऊ मिनिटं. ठिपका लुकलुकायचा थांबला तेव्हा पुन्हा घड्याळ बघितलं: सहा वाजून अठ्ठावीस.

एकोणीस मिनिटं.